घाट नसलेल्या शहरातले घाट

आपल्याला घाट म्हटले की आधी खंबाटकी आठवतो. कोलकात्यात घाट म्हणजे हुगळीचा काठ. सकाळी लाँचची वाट पाहणाऱ्यांत इथे सायकलवालेही असतात. अनेक घाटांवर सायकल लाँचवर चढवता येते. मात्र जेटी पाण्यावर तरंगती. ओहोटीला तिच्याकडे नेणारा पूल चांगलाच उतरता होतो. त्या उतारावर आमच्याबरोबरचे काका विजेची सायकल हाताने धरून सहज खाली उतरले. वय सत्तरीपार, गुडघे कुरकुरणारे.

काका मूळचे साताऱ्याचे. नोकरीनिमित्त आले आणि इथलेच झाले. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासातला गणपती ते चुकवत नाहीत. "पहिली घेतली ती चांगली तीस किलोची होती," ते हसत म्हणाले. "रस्त्यावर पळायची, पण दोन जिने चढवताना कंबर धरली. सहा महिने ती तशीच पडून होती आणि मीही!"

सायकलीची हौस या शहराला जुनी. 'कुंतलीन' केशतेलाचे हेमेंद्रमोहन बोस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हॅरिसन रोडवर, म्हणजे आजच्या महात्मा गांधी रोडवर, सायकलींचे दुकान काढले होते. बिमल मुखर्जी १९२६ च्या डिसेंबरात येथूनच सायकलीवर जगप्रवासाला निघाले, ते १९३७ मध्ये परतले.

शहर गाळाच्या सपाट जमिनीवर वसलेले. पुलांचे चढ सोडले तर दमवणारे काही नाही. मग दांडगी मोटर हवी कशाला? मोठी मोटर घेतली की मोठी बॅटरी आली, तिला पेलायला जाड सांगाडा आला आणि वजन वाढतच गेले. साधारण विजेच्या सायकली २२ ते २५ किलोंच्या असतात. हलक्या १८ च्या आत बसतात. आपल्याकडच्या नियमानुसार २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणाऱ्या सायकलीला नोंदणी वा परवाना लागत नाही. सपाट रस्त्याला तेवढी शक्ती पुरते.

वजनाचे महत्त्व चालवताना कमी, उतरल्यावर जास्त कळते. कोलकात्यात अनेक मोठ्या रस्त्यांवर पोलिसांनी सायकलला मनाई केली आहे. तिथे वळसा घ्यायचा किंवा सायकल ढकलत न्यायची. न्यू टाऊनमध्ये मात्र वेगळी सायकलवाट आहे. नवशिक्यांनी सुरुवात तिथेच करावी. पावसात ट्रामचे ओले रूळ तिरपे ओलांडू नयेत, चाक घसरते. रूळ सरळ काटकोनात पार करावेत.

तुमच्या घरी कुणी आजी-आजोबा अशी सायकल घेणार असतील तर दुकानात आधी ती उचलून पाहायला सांगा. मग मोटर बंद ठेवून एक फेरी मारू द्या. बॅटरी वाटेत संपली तरी घरी येता आले पाहिजे. मधली दांडी खाली असावी, म्हणजे पाय उंच टाकावा लागत नाही. बॅटरी लिथियमची आणि सुटी निघणारी असावी. जिना चढताना ती पिशवीत घालून वेगळी नेता येते. गुडघ्याचे वा हृदयाचे दुखणे असेल तर डॉक्टरांना विचारूनच पॅडल मारावे. हेल्मेट हवेच.

पलीकडच्या काठावर उतरल्यावर काकांनी मोटर बंद केली. आम्ही कारण विचारले.

"जाताना पाय ताजे असतात," ते म्हणाले. "वीज येतानासाठी राखून ठेवतो."