झाडांआडचे कोणी पाहायचे?

विमानातून जमिनीवर दर सेकंदाला लाखो लेसर स्पंद सोडायचे. कोणता पानावर आपटला, कोणता खोडावर, कोणता फटीतून थेट मातीपर्यंत पोचला, हे तो परत यायला लागलेल्या वेळेवरून मोजायचे. या तंत्राला लायडार म्हणतात. त्यातून जंगलाची त्रिमितीय प्रतिकृती तयार होते आणि अमुक जागेवरून झाडांमधून किती लांबचे दिसेल, याचा हिशेब संगणक मांडतो.

विज्ञानाला आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न एवढाच, की पाहणारा कोण आणि पाहिला जाणारा कोण? व्हिएतनाममध्ये झाडांखालची माणसे दिसेनात, म्हणून अमेरिकी सैन्याने १९६२ ते १९७१ या काळात पाने गाळणारी कोट्यवधी लिटर विषारी रसायने फवारली. आज पान न गाळताही खालचे टिपता येते. पण सत्तेची नजर तेवढ्याने निर्मळ होत नाही.

आपल्याकडेही १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वनहक्काचे दावे फेटाळलेल्यांना जंगलातून काढण्याचा आदेश दिला. अतिक्रमणे मोजायला उपग्रह सर्वेक्षणही सांगितले. २८ फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. म्हणजे आकाशातून पाहायचे ठरले ते अतिक्रमण, हक्क नव्हे.

वनहक्क कायदा २००६ मध्ये आदिवासी नसलेल्या वननिवासींना, म्हणजे जंगलावर जगणाऱ्या आपल्या दलित कुटुंबांनाही, १३ डिसेंबर २००५ पूर्वीचे तीन पिढ्यांचे, ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. हिशेब करा: १९३० सालापर्यंत मागे जावे लागते. भूनिरीक्षणाचा पहिला लँडसॅट उपग्रह सुटला १९७२ साली. मग 'उपग्रह चित्रात शेत दिसत नाही' हे कारण कोणत्या तोंडाने देणार? २०१२ च्या सुधारित नियमांनुसार अशी चित्रे इतर पुराव्यांना पूरक आहेत, पर्याय नाहीत. गावातल्या ज्येष्ठांचे लेखी निवेदन, जुनी विहीर, बांध, दफनभूमी हेही कायद्याने पुरावेच आहेत.

इथेच लेसर आपल्या कामाचा आहे. झाडोऱ्याखाली बुजलेला जुना बांध तो दाखवू शकतो. तो बांध कोणाच्या आजोबांनी घातला, हे मात्र गावच सांगेल. म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. जंगलाचे असे मोजमाप झाले, तर त्याची माहिती ग्रामसभेला मराठीत, फुकट आणि आधी मिळाली पाहिजे. आणि यंत्राला दिसले नाही, एवढ्यावरून एकही दावा फेटाळता कामा नये.

१९१९ साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांची बाजू मांडली ती आकडेवारी हाती घेऊन. आपल्याविषयीची माहिती दुसऱ्याच्या कपाटात राहू द्यायची नाही, हा धडा आम्ही तिथून घेतो. तरुण साथींनो, जीपीएस शिका, नकाशे वाचायला शिका, आणि आपल्या गावच्या वनहक्क समितीत जाऊन दाव्याची फाईल उघडा. वरून पाहणाऱ्यांना खालून उत्तर द्यायचे, तर आपला नकाशा आपल्या हातात हवा.

जय भीम!