हवेचा सातबारा

उर्दू शाळेत विज्ञान शिकवताना आम्ही तरंगाला ‘मौज’ म्हणतो. घरी मराठी बोलणारी मुले हसतात. त्यांच्या लेखी मौज म्हणजे मजा. मग आम्ही सांगतो, ही मौज डोळ्यांना दिसत नाही, पण रेडिओ, टीव्ही, मोबाईल तिच्यावरच स्वार होऊन घरात येतात. एका सेकंदात अशा किती मौजा, ती तिची वारंवारता.

एकाच गावात दोन केंद्रे एकाच वारंवारतेवर बोलू लागली तर दोघांचाही आवाज बिघडतो. म्हणून शेताला बांध घालावेत तसे सरकारने पट्टे पाडले. एफएम रेडिओचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ. मोबाईलचे पट्टे वेगळे.

या शेताचा मालक कोण? क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत. म्हणजे सातबाऱ्यावर आमच्या मोहल्ल्याचेही नाव आहे. प्रश्न वहिवाटीचा आहे.

सगळी जमीन सारखी नसते. वरच्या वारंवारतेत माहिती पुष्कळ मावते, पण ती लांब जात नाही, भिंतीला अडते. खालची वारंवारता लांब जाते, घरात शिरते. थोड्या टॉवरांत मोठा मुलूख सांभाळते. खेड्यापाड्यांना ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा म्हणूनच सोयीचा. पण २०१६ च्या लिलावात त्याची किंमत एवढी चढी होती की एकाही कंपनीने तो घेतला नाही. मार्च २०२१ मध्येही तेच झाले. २०२२ मध्ये कुठे त्याला पहिला गिऱ्हाईक मिळाला.

मधल्या काळात, २०२० मध्ये, टाळेबंदी आली आणि वर्ग मोबाईलवर गेले. कोकणातल्या आमच्या वाडीत सिग्नल नव्हता. सातवीच्या मुली पावसात छत्री धरून टेकडीवर जात, धडा उतरवून घेत. घरात मोबाईल एकच असेल तर तो भावाच्या हाती. शाळा उघडली तेव्हा त्यांतल्या दोघी परत आल्या नाहीत.

तो पट्टा विकला गेला असता तर टॉवर आमच्याच वाडीत उभा राहिला असता, असा आमचा दावा नाही. पण सामायिक जमीन पडीक राहिली आणि मुले टेकडी चढत राहिली, हे खरे आहे. २०२२ च्या लिलावात सुमारे दीड लाख कोटी रुपयांची बोली लागली. हा हिशेब किती घरांत सिग्नल पोहोचला, यावरही मांडला पाहिजे.

पालकसभेत आम्ही आता सांगतो, ग्रामसभेत अर्ज द्या, टॉवरचा ठराव करून घ्या. सातबाऱ्यावर नाव असलेल्याने बांधावरूनच माघारी फिरू नये.