रिकाम्या पेटीचा दिवस

पवित्र शनिवारी दुपारी आमच्या वसईतल्या चर्चमध्ये चिटपाखरू नसतं. गुरुवारी रात्रीच वेदीवरची वस्त्रं काढून घेतलेली असतात, फुलदाण्या आत गेलेल्या असतात. वेदीमागे कम्युनियनची पवित्र भाकर ठेवायची पेटी आहे. तिच्याशेजारी वर्षभर एक लाल दिवा तेवत असतो, आत प्रभू आहे याची खूण म्हणून. या दिवशी तो दिवा विझलेला असतो आणि पेटीचं दार सताड उघडं. आत काही नसतं. लहानपणी मला त्या उघड्या दाराची भीती वाटायची. चोरी झालेल्या घराचं दार असं असतं.

गुरुवारच्या मिस्सातल्या ग्लोरिया या स्तुतिगीतानंतर घंटाही मुक्या होतात. शनिवारी रात्र पडेपर्यंत मिस्सा होत नाही. आमच्या चर्चनं आपल्या पंचांगात प्रभू कबरीत असल्याचा हा दिवस झाकून ठेवला नाही, त्याला सणांच्या मधोमध जागा दिली. याचं मोल मला फार उशिरा कळलं.

बाबा गेले ते ऐन पावसाळ्यात. वाडीतून आले की पाय धुऊन ते जपमाळ हातात घ्यायचे आणि आम्ही भावंडं पेंगत पेंगत उत्तरं द्यायचो. ते गेल्यावर माझी प्रार्थना आटली. वैशाखात वाडीतलं तळं, आमचं बावखल, आटतं तशी. आधी काठ उघडे पडतात, मग पाणी मधोमध गोळा होतं आणि एक दिवस तळाचा चिखल तडकतो. मी रविवारी मिस्साला जायची, तोंड आपोआप उत्तरं द्यायचं, आत मात्र कुणी ऐकत नव्हतं. दुःखापेक्षा हे कोरडेपण वाईट. दुःखात निदान देवाशी भांडता येतं. भेटणारे म्हणायचे, "बाय, विश्वास ठेव." ठेवायला हातात काही उरलंय का, हे कुणी विचारलं नाही. पण बाबांची जपमाळ मी उशाखालून काढली नाही. म्हणतही नव्हते आणि कुणाला देववतही नव्हती.

त्याच काळात मदर तेरेसांची पत्रं वाचनात आली. त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये, ती पुस्तकरूपानं निघाली. ही पत्रं जाळून टाकावीत, अशी त्यांचीच विनंती होती. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाणाऱ्या गाडीत ज्या बाईला ख्रिस्ताची हाक स्पष्ट ऐकू आली, तिचा तो आवाज काम सुरू झाल्यावर थांबला. १९५८ मधले काही आठवडे सोडले, तर तो १९९७ मध्ये डोळे मिटेपर्यंत परतला नाही. जवळजवळ पन्नास वर्षांचा पवित्र शनिवार! त्या पन्नास वर्षांत त्या रोज पहाटे गुडघे टेकत होत्या, मरणाऱ्यांना उचलून आणत होत्या. ज्या लिझ्यूच्या संत तेरेझाचं नाव त्यांनी घेतलं, तिच्यावरही १८९६ च्या ईस्टरच्या सुमारास असाच काळोख उतरला होता. पुढच्या वर्षी, अवघ्या चोविसाव्या वर्षी, ती त्या काळोखातच गेली.

मदरना आधार मिळाला तो १९६१ च्या सुमारास आणि तो देणारे फादर होते आपल्या पुण्याचे. योसेफ नॉयनर हे ऑस्ट्रियात जन्मलेले जेझुइट, पुण्यात ईशशास्त्र शिकवायचे. मदरनी त्यांच्यापुढे सगळं लिहून ठेवलं. त्यांनी मदरना धीर धरा, प्रार्थना वाढवा, असं काही सांगितलं नाही. यावर माणसाच्या हातात उपाय नाही आणि यात तुमचा दोषही नाही, असं ते म्हणाले. आणि पुढे म्हणाले, देवासाठी जीव इतका तळमळतो आहे, ही तळमळच तो आत असल्याची खूण आहे. जो मुळीच नाही त्याच्यासाठी असं कोण झुरतं? त्यानंतर मदरनी त्यांना कळवलं, की अकरा वर्षांत पहिल्यांदाच मला हा काळोख आवडू लागला आहे.

ते पान वाचून मी उशाखाली हात घातला. माळ तिथंच होती.

मग मी बायबल उघडून अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढलं. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच काळोख असा आहे. ते स्तोत्र कुणी गाळलं नाही, त्याला गोड शेवट जोडला नाही. आटलेल्या माणसासाठी बायबलमध्ये जागा आहे, हे मला त्या रात्री कळलं आणि बाबा गेल्यावर दोन वर्षांनी मी रडले.

त्या वर्षी पवित्र शनिवारी रात्री मी चर्चच्या अंगणात सगळ्यांच्या मागे उभी होते. दिवे मालवलेले. लाकडं पेटवली गेली. फादरांनी पास्काच्या मेणबत्तीवर क्रूस आणि चालू वर्षाचे चार आकडे कोरले, पाच ठिकाणी धूपाचे खडे रोवले आणि ती त्या विस्तवावर पेटवून काळोख्या चर्चमध्ये नेली. एका ज्योतीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, अशी ती बाकामागून बाक मागे सरकत आली. मला ती मिळाली शेजारच्या म्हाताऱ्या मावशींकडून. त्यांचा हात थरथरत होता, म्हणून त्यांची मेणबत्ती मी धरली आणि माझी त्यांनी पेटवून दिली. मेण बोटांवर सांडलं. पुढे जे स्तुतिगीत गायलं गेलं, ते लहानपणापासून ऐकत आले होते. पण ते रात्रीचीच स्तुती करतं, पुनःपुन्हा रात्रीलाच धन्य म्हणतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकलं. ग्लोरियाला घंटा वाजल्या. माझ्या आत काही वाजलं नाही. पण मी घरी येऊन बाबांच्या माळेवर दहा मण्यांचं एक दशक म्हटलं. एकच.

तुमच्या घरात कुणाची प्रार्थना आटली असेल, तर कृपा करून त्याला समजावू नका. पवित्र शनिवारी रात्री त्याला चर्चमध्ये घेऊन या, मागच्या बाकावर त्याच्या शेजारी उभे राहा आणि तुमची मेणबत्ती पेटली की त्याच्याकडे वळा.