पोटातले ओठांवर

माणसाच्या साऱ्या अवयवांत पोटाइतका मुखदुर्बळ अवयव दुसरा नाही. दात दुखला की घर डोक्यावर घ्यायला लावतो. पाय मुरगळला की पाऊल टाकू देत नाही. पोट मात्र पोटातले ओठांवर येऊ देत नाही. दिवाळीत चकल्या-चिवड्याने जळजळले, की आपण म्हणतो, 'पित्त झाले.' बहुधा ते पित्तच असते. घात करतो तो हा 'बहुधा'.

आमच्या साखरशेतातले एक म्हातारबाबा ओव्याची चिमूट तोंडात टाकून वर्षानुवर्षे हेच म्हणत. अंगावरचे मांस उतरले, नाचणीची भाकर गिळेना, तेव्हा त्यांना जव्हारला आणि तेथून मुंबईला नेले. दुर्बिणीने जठर पाहिले, तो कर्करोग पार पसरलेला. पुढच्या आवणीला बाबा बांधावर नव्हते.

तेव्हापासून या विषयावर मिळेल ते मी वाचीत असतो. पोटाचे गूज रक्ताला ठाऊक असते, हे त्यातूनच कळले. जठराच्या आस्तरात पेप्सिनोजेन नावाचे द्रव्य तयार होते आणि त्याचा थोडा अंश रक्तात उतरतो. त्याचे प्रकार दोन: पहिला जठराच्या मुख्य भागात होतो, दुसरा साऱ्या जठरात. आमच्या डोंगरउतारावरची माती पावसागणिक धुपते, तसे हे आस्तर झिजू लागले, की पहिला घटतो. दुसरा तेवढा घटत नाही. या झिजेमागे बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो. १९८४ साली बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी तो चक्क पिऊन स्वतःच्या जठराला सूज आणून दाखवली. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याची गणना कर्करोगकारकांत केली.

जपानात हा रोग फार. तेथे पेप्सिनोजेन आणि या जंतूविरुद्धची प्रतिद्रव्ये एकाच रक्तात तपासून माणसांचे गट पाडण्याची पद्धत निघाली आहे. ज्या गटाला धोका अधिक, त्याने दुर्बिणीकडे जायचे.

ही तपासणी म्हणजे चाळण आहे, निकाल नव्हे. कर्करोग 'आहे' असे ती सांगत नाही. 'नाही' असेही छातीठोकपणे म्हणत नाही. महाराष्ट्रात हा रोग मिझोरामइतका नाही, तेव्हा सगळ्यांनीच बाही वर सारायला नको. ज्याच्या आईबापांना वा भावंडांना तो झाला, त्याने मात्र डॉक्टरांना विचारावे. आणि ज्याचे वजन घटते, घास अडतो किंवा शौचाला डांबरासारखे काळे होते, त्याने चाळणीपाशी न थांबता थेट दुर्बीण गाठावी.

तरी आमच्यासारख्यांना या चाळणीचे अप्रूप वाटते. दुर्बीण डोंगर चढून पाड्यावर येत नाही. रक्ताची बाटली मात्र घाट उतरून जाऊ शकते.

यंदा फराळाला बसल्यावर कोणी 'पित्त झाले' म्हणाले, तर ओवा जरूर द्या, पण 'कधीपासून?' एवढे विचारायला विसरू नका.