मांजर मारलं, तळतळाट उरला

सूड घेणाऱ्या मांजरांच्या जपानी कथा शेवटी सत्तेचीच तळी उचलतात, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. सागाच्या नाबेशिमा घराण्याची कथा मला त्याला पुरेशी वाटायची. 'गो'च्या पटावर भांडण होतं आणि संतापलेला सरदार मित्सुशिगे समोर बसलेल्या र्‍यूझोजी माताशिचिरोला ठार करतो. त्याची आई आपलं दुःख घरच्या मांजराला सांगते आणि जीव देते. मांजर तिचं रक्त चाटतं, वाड्यात शिरतं, सरदाराची झोप उडवतं. मग कोमोरी हानझाएमोन हा इमानी सेवक त्या मांजराला मारतो. सरदार बरा होतो. खुनाचा जाब त्याला कोणीच विचारत नाही. मला या शेवटाची चीड यायची.

ते मत बदललं १८५३ सालच्या एका घटनेमुळे. एदोत या कथेवर काबुकी नाटक रंगमंचावर यायचं होतं. नाबेशिमांकडून आक्षेप आला आणि ते थांबवावं लागलं. मांजर मरणार, घराणं तरणार, हे ठाऊक असूनही ते त्यांना नको होतं! र्‍यूझोजी हे सागाचे मूळ धनी आणि नाबेशिमा त्यांचे चाकर. १६०७ मध्ये र्‍यूझोजी ताकाफुसा मेला आणि राज्य चाकरांच्या हाती राहिलं. त्या आईचा तळतळाट एकदा लोकांच्या कानावर पडला, की पुढे हानझाएमोनने कितीही तलवार चालवली तरी तो पुसला जात नाही. नाबेशिमांना हे माझ्याआधी कळलं होतं.

त्यानंतर कानेतो शिंदो यांचा १९६८ चा 'कुरोनेको' हा चित्रपट मी वेगळ्या नजरेने पाहिला. सामुराईंची टोळी झोपडीत घुसते, आधी अधाशासारखी खाते, मग सासू-सुनेवर अत्याचार करून झोपडी पेटवून देते. काळं मांजर त्यांची प्रेतं चाटतं. दोघी परततात त्या दिसेल त्या सामुराईचं रक्त पिण्याची शपथ घेऊनच. आणि लढाईवर ओढून नेलेला मुलगा गिंतोकी आता स्वतःच सामुराई होऊन आलेला! सून शपथ मोडून नवऱ्याबरोबर सात रात्री घालवते आणि नरकात जाते. आई शपथ मोडत नाही. तो तिचा हात तोडतो. हातात उरतो तो मांजराचा केसाळ पाय. तो पाय परत मागायलाही आईच येते. नोबुको ओतोवा यांनी ही आई अशी उभी केली आहे, की तिची भीती वाटते आणि तिची बाजूही सोडवत नाही.

इथे हानझाएमोनसारखा जिंकणारा कोणी नाही. गिंतोकी त्याच जळक्या झोपडीत मरतो. त्याला या भुतांवर पाठवणारा त्याचा सरदार राइको मात्र सुखरूप राहतो, आणि एवढ्या एका गोष्टीसाठी शिंदोंशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही.