पणजोबांची पेटी

आमच्या बालाघाटच्या घरात पणजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. 1956 साली नागपूर दुसऱ्या राज्यात गेले. आकाशवाणी नागपूरची मराठी मात्र याच पेटीतून घरात येत राहिली. आता तो मुका आहे, पण आजी रोज पुसते. गेल्या पावसाळ्यात वरचा सागवानी व्हेनिअर ओलीने फुगला. मी उत्साहाने पॉलिश पेपर घेऊन बसलो. हा पापुद्रा मिलिमीटरभरही जाड नसतो, हे खालचे पांढरे लाकूड दिसल्यावर कळले! आजी काहीच बोलली नाही. रागावली असती तर बरे झाले असते.

"घासायची घाई कशाला केली, बाबू?" सुतारकाका म्हणाले. त्यांनी फुगा रेषांच्या दिशेने ब्लेडने चिरला, आत सरस सोडला आणि कापडावरून कोमट इस्त्री दाबून धरली. माझ्या पराक्रमाच्या जागी रेषा जुळवून ठिगळ बसवले. मग स्पिरिटमध्ये विरघळलेल्या चपड्याचे हात, एकावर एक. चपडा म्हणजे लाखच; आमच्या रानात पळसावर, कुसुमावर होते तीच.

तिरप्या उन्हात ठिगळ दिसतेच. आजी त्यावर क्रोशाचा रुमाल अंथरते आणि मी जवळ आलो की मुद्दाम बाजूला सारते.