दोन पंचांगांचे देऊळ

ख्रिस्ती मंडळीचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नाताळच्या आधीचा चौथा रविवार हा आगमनकाळाचा पहिला दिवस, आणि तोच त्यांचा वर्षारंभ. पण दिंडोरी तालुक्यात, जिथे नजर टाकावी तिथे द्राक्षांचे मांडव, तिथल्या ख्रिस्ती माणसाला आणखी एक पंचांग पाळावे लागते. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, मग घडांची विरळणी, जानेवारीपासून एप्रिलपर्यंत काढणी आणि काढणी उरकली की खरडछाटणी. पीक एक, छाटण्या दोन. या दोन पंचांगांच्या ओढाताणीत एक लहानसे देऊळ वर्ष कसे काढते, ते मी २०२३ च्या आगमनकाळापासून पुढे वर्षभर पाहिले. आमची जुनी माणसे चर्चला देऊळच म्हणतात. तिथे पेटी वाजवणारे मास्तर मुलाकडे राहायला गेले होते आणि मला थोडीफार पेटी येते. एवढ्या पात्रतेवर मी दर रविवारी नाशिकहून तिकडे जात असे.

देऊळ कसले, कौलारू खोलीच ती! आठ बाके, एक लाकडी क्रूस, आणि बाहेर चिंचेला टांगलेला रुळाचा तुकडा हीच घंटा. मंडळीत घरे अकरा, बहुतेक सारी मळ्यांत मजुरी करणारी. पाळकसाहेबांकडे पाच गावे, तेव्हा ते महिन्यातून एकदा येत. प्रभुभोजनाचा प्याला त्या दिवशी भरायचा. वाइनचे कारखाने ज्या मुलुखात उभे राहिले, तिथे आमचा प्याला मात्र मावशींनी रात्रभर भिजवलेल्या बेदाण्यांच्या पाण्याचा! देवळाची किल्लीही त्यांच्याच कनवटीला असे.

या बाजूच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा विषय निघाला की नाशिकच्या शरणपूरचे नाव आधी घ्यावे लागते. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये ती वसाहत वसवली. १९२९ साली नाशिकचा धर्मप्रांत मुंबईपासून वेगळा झाला आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. पण आमच्या देवळात इतिहास ऐकू येई तो गाण्यांतून. रेव्हरंड टिळकांची पदे टाळांवर सुरू झाली की वाटेने जाणारा वारकरीही क्षणभर थांबावा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा, त्यामुळे ही पदे गाताना बायकांना माहेरची वाटत.

त्या वर्षी एक प्रश्न देवळाच्या दाराशी येऊन बसला होता. रविवारी सकाळी माणसे जमत नाहीत, तर ही अकरा घरे शहरातल्या मोठ्या मंडळीत सामील करावीत. न्यायला जीप येईल, अशी सूचना कोणी भल्या माणसांनी केली होती. तीत दुष्टावा नव्हता, हिशेब होता. येत्या हंगामाच्या सणापर्यंत पाहू, असे ठरले.

वर्षाची सुरुवातच वाईट झाली. २६ नोव्हेंबरला नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. पुढच्या रविवारी, ३ डिसेंबरला, आगमनकाळ सुरू झाला तेव्हा बाकांवर आम्ही सातजण. बाकीचे मांडवांखाली फुटलेले घड वेगळे करीत होते. ८ डिसेंबरपासून कांद्याची निर्यातबंदी आली आणि नाताळच्या दानार्पणाची थैली हलकी झाली. तरी बांबूचा तारा चढला, करंज्या घरोघर गेल्या.

जानेवारीच्या अखेरीस पाळकसाहेबांनी द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला वाचला. पहाटे आलेल्यालाही दिवसाची मजुरी, आणि मावळतीला तासभर राबलेल्यालाही तेवढीच. शहरात मी हा दाखला अनेकदा ऐकला आहे; तिथे माना डोलतात. इथे मावशी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "साहेब, आमचा मुकादम असं करंल तर दुसऱ्या दिवशी पहाटं कोन येईल?"

हशा पिकला. पाळकसाहेबही हसले. मग म्हणाले, "मावशी, मावळतीपर्यंत चौकात बसून राहिलेल्या माणसाच्या घरीही चूल असतेच ना?"

मावशी काही वेळ गप्प राहिल्या. "असती," त्या म्हणाल्या, "मग आमाला पन मावळतीलाच बोलवा की. सकाळी आमी यायचं कसं?"

त्या दिवसापासून उपासना रात्री आठला होऊ लागली. हातांना द्राक्षांचा चिकटा, पदराला औषधाचा वास, अशी माणसे येत. एखादे पोर बाकावरच झोपून जाई. पण फेब्रुवारीत एका रात्री मी मोजली, तर माणसे एकतीस!

उपवासकाळ आणि काढणी एकाच वेळी आली. झावळ्यांचा रविवार २४ मार्चला, म्हणजे नेमका होळीच्या दिवशी पडला. आमची पोरे शिंदीच्या झावळ्या घेऊन निघाली, तेव्हा गावातली पोरे गोवऱ्या गोळा करीत होती. दोन्ही मिरवणुका एकमेकींत मिसळल्या. ३१ मार्चला पुनरुत्थानाची उपासना पहाटे चारला कबरस्तानात झाली, कारण सातला टोळीला मळ्यात हजर व्हायचे होते. त्यानंतर खरडछाटणी. हिरवा मांडव दोन दिवसांत उघडा पडला. येशूने स्वतःला द्राक्षवेल म्हटले आणि फांद्या छाटणाऱ्या माळ्याची गोष्ट सांगितली, ती या लोकांना समजावून द्यावी लागत नाही. पुढच्या वर्षीचा घड याच छाटणीनंतरच्या कोवळ्या काडीत धरतो, हे त्यांच्या बोटांना ठाऊक आहे.

१९ मे रोजी पवित्र आत्म्याचा सण झाला. दुसऱ्याच दिवशी लोकसभेचे मतदान होते, तेव्हा त्या रात्री प्रार्थनेपेक्षा चर्चा अधिक झाली. मग पाऊस लागला. कौले गळू लागली, पेटीवर गोणपाट आले.

ऑक्टोबरात हंगामाचा सण झाला. वेदीपुढे नागली, भात, भुईमूग, टोमॅटो, दोन भोपळे. उपासनेनंतर लिलाव, एकच भोपळा तीनदा विकला गेला, कारण घेणारा तो पुन्हा वेदीशीच ठेवी. मग जीपचा प्रश्न निघाला. वडीलमंडळी चाचरत बोलत होती. मावशी उठल्या. "शहरात आमाला कोनी हाकलनार न्हाई," त्या म्हणाल्या, "पन आमची छाटणी चालू हाये म्हनून तितली घंटा कोन थांबवनार?"

पाळकसाहेबांनी वही उघडली, वेळेच्या रकान्यात 'रात्री आठ' असे लिहिले आणि भोपळ्याची चौथी बोली लावली.

१ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आणि सर्व संतांचा दिवस एकत्र आले. दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या संध्याकाळी, आम्ही मृतांच्या कबरी झाडून त्यांवर मेणबत्त्या लावल्या. वारा होता, मेणबत्त्या विझत होत्या. शेजारच्या वस्तीवरच्या एका वहिनी हे पाहून घरात गेल्या आणि तेलाच्या पणत्यांचे ताट घेऊन आल्या. "ह्या टिकतील," एवढेच त्या म्हणाल्या. मावशींनी पहिली पणती आपल्या मालकांच्या कबरीवर ठेवली, दुसरी शेजारच्या बिननावाच्या दगडावर. पलीकडे नुकत्याच छाटलेल्या मांडवावर बारीक फुटवे दिसू लागले होते.